अंधाराची परीक्षा: विज्ञानपटांसाठी स्वस्त प्रोजेक्टर घ्यावा का?

दुकानात प्रोजेक्टर दाखवताना बहुतेक ठिकाणी ठरलेली क्लिप लावतात. रंगीत मासे, पोपट, फुलं, डोंगरावरचं ऊन. हे सगळं कुठल्याही यंत्रावर छानच दिसतं. विज्ञानपटाची गोष्ट वेगळी आहे. तिथे पडद्याचा बहुतेक भाग काळा असतो, एका कोपऱ्यात पांढरं यान आणि बाकी सुईच्या टोकाएवढे तारे. म्हणून आठ ते पंधरा हजारांत मिळणारे एलईडी दिव्याचे आणि एकाच एलसीडी पॅनेलचे छोटे प्रोजेक्टर इथे एकाच कसोटीवर तपासले आहेत. काळा रंग ते किती काळा दाखवतात आणि मराठवाड्यातल्या घरात, गच्चीवर, आपल्या उन्हात आणि आपल्या विजेवर किती टिकतात?

माझं मत आधीच सांगतो. ऐंशी इंचांपर्यंतचा पडदा, पूर्ण अंधार आणि थोडी मेहनत, एवढी तयारी असेल तर घ्या. शंभर-दीडशे इंचांच्या आशेने घेणार असाल तर पैसे वाया जातील.

खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवायला शिकावं लागतं. ‘९००० ल्युमेन्स’ असं मोठ्या अक्षरात असतं, त्याला काहीच अर्थ नाही. एएनएसआय ल्युमेन्स, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेला उजेड किती, एवढंच विचारा. या किमतीत तो आकडा दोनशे ते तीनशेच्या आसपास असतो. ‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के फाइल यंत्र आत घेतं, एवढंच. पडद्यावर पडणारं चित्र पॅनेलच्या नेटिव्ह रिझोल्यूशनचंच, म्हणजे पॅनेलवर प्रत्यक्ष जेवढे बिंदू आहेत तेवढ्यांचंच असतं, ते १९२० बाय १०८० आहे का ते बघा. १२८० बाय ७२० असेल तर बारीक तारे एकमेकांत मिसळतात आणि सबटायटलच्या जोडाक्षरांच्या कडा फाटतात.

आता काळ्या रंगाकडे. एलसीडी पॅनेल ही एक झडप आहे आणि ती कधीच पूर्ण बंद होत नाही. मागचा दिवा चालूच असतो, त्यातला थोडा उजेड झडपेतून झिरपतो. त्यामुळे अवकाश काळं न दिसता राखाडी दिसतं. हिशेब करून बघा. ऐंशी इंचांचा पडदा अंदाजे पाच फूट दहा इंच रुंद आणि सव्वातीन फूट उंच. त्यावर २५० एएनएसआय ल्युमेन्सचा उजेड पसरला की पांढऱ्या भागावर सुमारे १४० लक्स पडतात (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणाऱ्या उजेडाचं माप). अशा यंत्राचा खरा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्याचं काळ्याशी प्रमाण, ५०० ला १ धरला, तर काळ्या भागावरही पाव लक्सहून थोडा जास्त उजेड राहतो. पौर्णिमेचं चांदणं जमिनीवर जास्तीत जास्त तेवढंच असतं. म्हणजे स्वस्त प्रोजेक्टरमधलं अवकाश हे पौर्णिमेच्या रात्रीतलं अवकाश.

यातून दोन गोष्टी निघतात. गच्चीवर किंवा जुन्या वाड्याच्या माळवदावर सिनेमा लावायचा तर अमावास्येच्या आगेमागे लावा. भर पौर्णिमेला काळ्या भागावरचा उजेड सरळ दुप्पट होतो. आणि गल्लीतला एलईडी पथदिवा पडद्यावर येत असेल तर विज्ञानपटाचा विचारच सोडा, त्या रात्री विनोदी चित्रपट लावा. खोलीत बघत असाल तर पांढऱ्या चुन्याच्या भिंती घात करतात. पडद्यावरचा उजेड समोरच्या भिंतीवर आणि छतावर आदळून परत पडद्यावर येतो. पडद्याच्या आजूबाजूला दोन-दोन फूट आणि वर छताला तीन फूट गडद चादर लावली, तरी फरक डोळ्यांना लगेच कळतो. खर्च जवळजवळ शून्य आणि फायदा मात्र दुप्पट किमतीच्या यंत्राएवढा.

खरेदीआधी दुकानातच घेता येईल अशी एक परीक्षा आहे. ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ या १९६८च्या चित्रपटाची सुरुवात. जवळजवळ तीन मिनिटं पडद्यावर काहीच नसतं, नुसता काळोख आणि त्यावर संगीत. घरी पहिल्यांदा लावणाऱ्याला वाटतं की केबल सैल झाली. यंत्र जोखायला यापेक्षा चांगली तीन मिनिटं सापडणार नाहीत. दुकानदाराला दिवे घालवायला सांगा आणि डोळे अंधाराला सरावू द्या. मग पडद्याचे चारही कोपरे बघा. एक कोपरा दुसऱ्यापेक्षा उजळ असेल, मधे निळसर किंवा पिवळसर डाग असेल, पडद्याबाहेर भिंतीवर उजेडाची चौकट सांडत असेल, तर ते यंत्र घेऊ नका. मासे-पोपटांच्या क्लिपमध्ये यातलं एकही दिसणार नाही.

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणजे ‘व्हिव्हिड’ मोड बंद करून ‘मूव्ही’ किंवा ‘सिनेमा’ मोड लावणं. ‘ब्राइटनेस’ हे नाव फसवं आहे. ते बटण काळ्या भागाची पातळी ठरवतं, दिव्याची शक्ती नव्हे. अर्धा चेहरा सावलीत असलेलं दृश्य थांबवा आणि ब्राइटनेस हळूहळू उतरवत जा. सावलीतला डोळा दिसेनासा झाला की दोन पायऱ्या वर या. त्यानंतर पांढऱ्या अंतराळ-पोशाखाचं दृश्य घ्या आणि कापडाच्या घड्या दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट कमी करा. चित्र गुळगुळीत करणारी सोय असेल तर ती बंदच ठेवा, तिच्यामुळे कोट्यवधींचा चित्रपट मालिकेच्या भागासारखा दिसतो. किस्टोनवरही, म्हणजे तिरकं चित्र सरळ चौकोनी करणाऱ्या सोयीवरही, विसंबू नका. चित्र तिरकं पडतंय म्हणून किस्टोन फिरवलं की यंत्र पॅनेलचे काही बिंदू वाया घालवतं आणि कडेचे तारे पसरतात. यंत्र पडद्याच्या मध्यासमोर आणून ठेवा. बहुतेक यंत्रांचा थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.२ ते १.३५ असतो, म्हणजे ऐंशी इंचांसाठी लेन्स पडद्यापासून सात ते पावणेआठ फुटांवर. आपल्या दहा बाय बाराच्या खोलीत हे आरामात बसतं.

काळ्या पट्ट्यांचं दुखणं वेगळंच आहे. बरेच विज्ञानपट २.३९ ला १ अशा रुंद मापात असतात. १६:९ च्या पडद्यावर त्यांचं चित्र उंचीच्या पाऊण भागातच मावतं आणि वर-खाली पट्ट्या उरतात. ऐंशी इंचांच्या पडद्यावर प्रत्येक पट्टी बरोबर पाच इंचांची. स्वस्त प्रोजेक्टरवर या पट्ट्याही राखाडी दिसतात आणि डोळा सारखा तिकडे जातो. उपाय सोपा आहे. कापड दुकानातून काळी मखमल घ्या, सहा फूट लांब आणि आठ इंच रुंद अशा दोन पट्ट्या शिवून घ्या आणि वेल्क्रोने पडद्याला वर-खाली लावा. साधं काळं कॉटन चालत नाही, ते उजेड परतवतं. मखमल तो पिऊन टाकते. पट्ट्या झाकल्या की चित्रातला काळाही जास्त गडद भासतो, कारण डोळ्याला शेजारी खरा काळा मिळतो. भिंती-छताची गडद चादर सोडली तर एवढ्या कमी पैशात चित्र सुधारण्याचा दुसरा मार्ग मला माहीत नाही.

पण इथे दोन अडचणी येतात. पहिली सबटायटलची. बऱ्याच प्लेअरमध्ये सबटायटल खालच्या काळ्या पट्टीत उमटतात, म्हणजे तुमच्या मखमलीच्या पोटात जातात. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये सबटायटलची जागा वर सरकवता येते, ती सरकवून घ्या. देवनागरी सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल असेल तर ती यूटीएफ-८ या अक्षर-संकेतात सेव्ह केलेली हवी, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं दिसतात. प्रोजेक्टरच्या आतला प्लेअर पुष्कळदा जोडाक्षरं तोडून दाखवतो. ‘अवकाश’ नीट येतं आणि ‘गुरुत्वाकर्षण’ मोडतं.

दुसरी अडचण ‘इंटरस्टेलर’सारख्या चित्रपटांची. त्याच्या ब्लू-रे डिस्कवरच्या आवृत्तीत आयमॅक्सवर चित्रित केलेली दृश्यं आली की चित्र वर-खाली पसरून पूर्ण १६:९ होतं आणि साधी दृश्यं आली की पुन्हा अरुंद होतं. मखमल लावलेली असेल तर नेमका अवकाशाचा भाग कापला जातो. अशा वेळी पट्ट्या काढून ठेवा. ‘२००१’चं मापही वेगळं, २.२० ला १. तिथे पट्ट्या पावणेचार इंचांच्याच. म्हणून पट्टी कायमची चिकटवू नका, वेल्क्रोच बरं.

पडद्यासाठी बेडशीट नको. ती वाऱ्याने हलते आणि उजेड आरपार जातो. आपल्याकडे तालुक्याच्या गावातही फ्लेक्स छापणारे आहेत. त्यांच्याकडून न छापलेला, मागून काळा असलेला ब्लॅकबॅक फ्लेक्स घ्या, सहा बाय चारचा पुरतो. चकचकीत फ्लेक्सवर मधोमध उजेडाचा गोळा दिसतो, म्हणून मॅट बाजू मागा. कडेला दर फुटावर रिंगा ठोकून घ्या आणि खालच्या दुमडीत पीव्हीसी पाइप सरकवा, म्हणजे गच्चीवर वारा सुटला तरी पडदा ताणलेला राहतो. गुंडाळताना जाड पाइपवर गुंडाळा. घडी घातली की तिची रेघ जात नाही आणि तारांगणाच्या मधोमध ती रेघ सिनेमाभर दिसते.

या यंत्रांचा मराठवाड्यातला सगळ्यात मोठा शत्रू धूळ आहे आणि इथे जरा थांबून बघायला हवं. स्वस्त रचनेत दिवा, भिंगं आणि एलसीडी पॅनेल एका उघड्या बोगद्यात असतात. पंखा बाहेरची हवा ओढून थेट पॅनेलवरून सोडतो. ज्वारीच्या मळणीचा भुसा, कापसाचे तंतू आणि उन्हाळ्यातली वावटळीची माती, सगळं त्या हवेतून आत येतं. एखादा कण पॅनेलवर बसला की पडद्यावर रुपयाएवढा धूसर गोल ठिपका उमटतो. उजेडाच्या दृश्यात तो लपून जातो, काळ्या आकाशात मात्र नको असलेल्या ग्रहासारखा लटकत राहतो. कॅमेरा सरकतो, तारे सरकतात, हा जागचा हलत नाही. धूळ लेन्सवर आहे की आत, हे ओळखायची खूण अशी. फोकस पूर्ण बिघडवा. चित्र धूसर होताना ठिपका जास्त रेखीव झाला, त्यातला तंतूसुद्धा दिसायला लागला, तर कण आत पॅनेलपाशी आहे.

आतली धूळ काढताना घाई करू नका. प्लग काढा आणि अर्धा तास थंड होऊ द्या. खालचं झाकण उघडा आणि कॅमेऱ्याच्या लेन्ससाठी मिळतो त्या रबरी ब्लोअरने तिरक्या कोनातून हवा मारा. तोंडाने फुंकलं तर थुंकीचे कण बसतात आणि ते धुळीपेक्षा वाईट. कापड लावलं तर पॅनेलवरच्या पोलरायझर या उजेड गाळणाऱ्या पापुद्र्यावर ओरखडे येतात आणि ते कायमचे. हे सगळं टाळायचं असेल तर दीड-दोन हजार जास्त देऊन सीलबंद ऑप्टिकल इंजिनचं, म्हणजे भिंगं आणि पॅनेल बंद डब्यात असलेलं मॉडेल घ्या. शेताजवळ किंवा जिनिंगच्या आसपास घर असेल तर यात तडजोड करू नये.

उष्णतेचंही तसंच. बहुतेक माहितीपत्रकांत ३५ किंवा ४० अंशांची मर्यादा दिलेली असते. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात रात्री आठला सुद्धा हवा तिथपर्यंत असते आणि गच्चीचा स्लॅब खालून शेकत असतो. यंत्र तापलं की आधी दिवा मंदावतो, मग बंद पडतं. असंच रेटत राहिलं तर पोलरायझर करपतो आणि चित्राच्या मधे कायमचा पिवळा डाग पडतो. उन्हाळ्यात साडेनऊनंतर लावा, मागे-बाजूला फूटभर जागा मोकळी ठेवा आणि यंत्र उशी-गादीवर न ठेवता लाकडी स्टुलावर ठेवा.

लाईट जाण्याची तयारी तर हवीच. प्रोजेक्टर ९० वॉट, स्पीकर ३०, टेबल फॅन ५०, असा १७० वॉटचा भार धरला तर १५० एएचची चांगली बॅटरी पाच-सहा तास देते. बॅटरी जुनी असेल तर निम्मे धरा. ‘इंटरस्टेलर’ दोन तास एकोणपन्नास मिनिटांचा आहे, तेव्हा हिशेब आधी करा. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा. नाहीतर लाईट गेल्याच्या क्षणी यंत्र रिस्टार्ट होतं आणि नेमकं दृश्य हातचं जातं. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर स्पीकरमधून गुणगुण येते, प्युअर साइन वेव्हवर ती येत नाही.

आवाजाबद्दल बोलताना शांततेपासून सुरुवात करावी लागेल, कारण चांगल्या विज्ञानपटात शांतता हाच आवाज असतो. ‘२००१’मध्ये अंतराळवीर हेल्मेटशिवाय एअरलॉकमध्ये झेपावतो, तेव्हा आत हवा भरेपर्यंत काहीच ऐकू येत नाही. निर्वातात आवाज प्रवास करत नाही, हे त्या दिग्दर्शकाने पाळलं. त्याच क्षणी स्टुलावरचा प्रोजेक्टर टेबल फॅनसारखा घरघरत असेल तर दृश्य मेलं. म्हणून दुकानात पंख्याचा आवाजही ऐका. यंत्र पडद्याच्या मध्यासमोरच, पण बसणाऱ्यांच्या डोक्यामागे ठेवा आणि दिवा मंद करून पंखा हळू चालवणारा ‘इको’ मोड असेल तर रात्री तो वापरा. आतला पाच वॉटचा स्पीकर बातम्यांपुरता ठीक. बाहेरचा स्पीकर वायरने जोडा. ब्लूटूथवर आवाज ओठांच्या मागे राहतो आणि तो उशीर अॅपगणिक बदलतो. संवाद दबलेले आणि संगीत दणदणीत वाटत असेल तर ऑडिओ ५.१ (सहा स्पीकरसाठीचा) वरून स्टीरिओवर (दोन स्पीकरसाठीचा) आणा.

ओटीटीवर बघणाऱ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. या यंत्रांतल्या अँड्रॉइडला अनेकदा वाइडवाइन एल-१ हे, चोरी रोखून एचडी चित्र दाखवण्याची परवानगी देणारं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे पैसे भरूनही काही अॅप ४८० रेषांचंच चित्र देतात. अंधाऱ्या दृश्यात मग चौकोनी ठोकळे दिसतात आणि दोष प्रोजेक्टरवर येतो. प्रमाणित स्ट्रीमिंग स्टिक वेगळी घेऊन एचडीएमआयला लावा आणि तिला वीज तिच्या स्वतःच्या अॅडॉप्टरने द्या. प्रोजेक्टरच्या यूएसबीतून करंट कमी पडला की ती मधेच बंद पडते.

पडदा लागण्याआधी पुस्तक वाचलेलं असेल तर चित्र वेगळं दिसतं, म्हणून त्याबद्दलही. ‘२००१’ची आर्थर सी. क्लार्कची कादंबरी चित्रपटाच्याच वर्षी आली. तिच्यात यान शनीकडे जातं, चित्रपटात गुरूकडे, कारण शनीची कडी पडद्यावर पटण्यासारखी जमत नव्हती. कादंबरी कार्यकारणभाव उलगडून सांगते, चित्रपट गप्प राहतो. माझ्या मते आधी चित्रपट आणि मग कादंबरी हाच क्रम बरा. ‘ड्यून’चं उलटं. १९६५ची कादंबरी आधी वाचावी. तिच्यात वाळवंटातला टोळीप्रमुख सरदारासमोर टेबलावर थुंकतो आणि तो सन्मान असतो, कारण तो आपल्या अंगातलं पाणी देतोय. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी ज्या लातूरने भरून घेतलं, तिथल्या वाचकाला हे पान समजावून सांगावं लागत नाही.

आणि ‘इंटरस्टेलर’ लावण्याआधी जयंत नारळीकरांची ‘कृष्णविवर’ ही कथा वाचा. १९७४ साली त्यांनी ती मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली होती आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, ही कल्पना मराठीत त्या चित्रपटाच्या चाळीस वर्षं आधी कथा होऊन आली होती. चित्रपटाचे वैज्ञानिक सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ साली रेनर वाइस आणि बॅरी बॅरिश यांच्यासोबत भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, ते लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्रणेसाठी. त्याच यंत्रणेचा चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांचा भारतीय जोडीदार आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ उभा राहतोय, केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३च्या एप्रिलमध्ये त्याला मंजुरी दिली. नारळीकरांनी उभी केलेली पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संस्था त्या प्रकल्पात सहभागी आहे. पडद्यावर कृष्णविवराभोवतीचं तेजस्वी कडं येईल तेव्हा समोर बसलेल्या मुलांना हे जरूर सांगा.

याच पैशात जुना डीएलपी प्रोजेक्टर घ्यावा का, असंही विचारलं जातं. त्यात बारीक आरसे उजेड बाजूला वळवतात, धूळ कमी शिरते आणि एकाच एलसीडीच्या यंत्रापेक्षा काळा बहुधा बरा मिळतो. पण एकाच चिपच्या डीएलपीत रंग चाकावर फिरून एकामागून एक येतात आणि काहींच्या डोळ्यांना कडेला लाल-हिरव्या रेषा चमकताना दिसतात. काळ्यावर पांढरं असेल तिथे त्या सर्वांत जास्त दिसतात. ‘ग्रॅव्हिटी’तला सुरुवातीचा लांबलचक शॉट लावा, पांढऱ्या पोशाखावरून नजर झटकन डावीकडून उजवीकडे न्या. रेषा दिसल्या तर तुमच्यासाठी डीएलपी नाही, घरातल्या इतरांनाही हेच करून बघायला सांगा. जुन्या यंत्रातल्या दिव्याचे तास मेनूमध्ये बघा. नवा दिवा यंत्राच्या किमतीच्या जवळपास जाऊ शकतो आणि लाईट अचानक गेली की पंखा थांबून तापलेल्या दिव्याचं आयुष्य घटतं, त्यामुळे इन्व्हर्टर नसेल तर ते यंत्र आपल्या गावात आणू नका.